पळीचं माप

डंडीच्या पश्चिमेला, टे नदी जिथे चिखल होऊन पसरते,
तिथल्या काचघरात जूनभर माझं काम एवढंच :
उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्याने उघडायची,
पाचही पुंकेसर खुडायचे,
आणि मेक्सिकोच्या डोंगरातल्या रानबटाट्याचे पराग
या गुबगुबीत, बाजारी बटाट्याच्या कुक्षीला लावायचे.

पराग झाडायला इशबेल पेट्री
जुना विजेचा टूथब्रश वापरते.
मानेशी धरला की गुणगुणतो,
फुलाला वाटतं, भुंगा आला.
"फसतं बिचारं," ती म्हणते.
एकतीस वर्षं फसवतेय.

फळं लागली. हिरवी, गोटीएवढी, एकशे चाळीस.
साताऱ्याला फोन करून आईला म्हटलं, धरलं!
ती क्षणभर भलतंच समजली.

मग इशबेलने एक फळ कापलं.
आत बिया होत्या, म्हणजे बियांची सालं होती.
कागदावर ठेवून फुंकर मारली,
सुपाशिवाय पाखडून झाल्या.

कुणाचं चुकलं म्हणावं?
पराग रुजला होता. नळी अंधारात
वाट न चुकता उतरली होती.
दोन बीजं नेली होती तिने,
एक गर्भासाठी, दुसरं गर्भाच्या शिदोरीसाठी.
शिदोरीत दोन मापं आईची, एक बापाचं.
एवढा हिशेब जुळला की बी भरते.

पण बापाकडचा हात सैल :
वाढ, अजून वाढ, माझं लेकरू आहे.
आईकडचा आखडता :
पुरे, पंगतीला अजून शंभर जण बसलेत.
एकाच जातीत हे भांडण इतकं जुनं
की त्यालाच आता संसार म्हणतात.
इथे पळी एका घरची, पातेलं दुसऱ्या.
तिला ठाऊक नाही त्याचं 'अजून' म्हणजे किती,
त्याला ठाऊक नाही तिचं 'पुरे' कुठे थांबतं.
कधी शिदोरी घाईने बांधली जाते, चार घासांची.
कधी नुसतं पाणीच राहतं, गाठ बसत नाही.
आणि मधे गर्भ, टाचणीच्या टोकाएवढा,
निरोगी,
उपाशी.

चहाच्या सुट्टीत नवा पोरगा कॅलम म्हणाला,
"म्हणजे तुझ्या आणि रुअरीच्या लग्नासारखंच की!"
मी म्हटलं, नाही. माणसाची जात एकच.
(मराठीत हे वाक्य म्हणताना जीभ अडखळली असती.
इंग्रजीत सरळ गेलं.)
आमच्या मुलीचे पुढचे दोन दात पडलेत
आणि ती वरणभातावर ब्राउन सॉस घालते.
उपमा तिथेच संपली.

पुढच्या वर्षी आम्ही वाट पाहिली नाही.
सत्ताविसाव्या दिवशी फळं कापली,
भिंगाखाली, श्वास रोखून, सुईने गर्भ उचलले
आणि काचेच्या नळीत, साखरेच्या खळीवर निजवले.
अकरा निघाले.
नऊ काळे पडले, एकाला बुरशी.
एक हिरवा झाला.

त्याला कुंडी मिळाली, इशबेलच्या तिरक्या अक्षरातलं लेबल मिळालं.
उन्हाळ्यात जांभळट फुललासुद्धा.
टूथब्रश लावला, धूळ पडली,
भिंगाखाली एकूण एक कण रिकामा.
मी वहीत लिहिलं : पुढे वंश नाही.

ऑक्टोबरात दिवस आखडले,
समुद्रावरून धुकं येऊन काचांना चिकटलं.
निवृत्तीच्या आठवड्यात इशबेलने
ती कुंडी टेबलावर पालथी केली.
मातीत पाच बटाटे.
बोराएवढे. एक वाकडा.
बी नाही, पराग नाही, कुणाला विचारलंही नाही.

तिने अंगठ्याने माती पुसली,
वाकडा स्वतःच्या खिशात टाकला.
वहीतली ओळ मी खोडली नाही.
तिच्याखाली लिहिलं, चार.